दोन गाठींचं पाणी

सोवनीबाई धुतलेली काचेची नळी हातात घेत, तिच्यात डिस्टिल्ड पाणी ओतत आणि ती उलटी करून खिडकीच्या उजेडात धरत. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी आतून पातळ पडद्यासारखं सलग खाली उतरतं. कुठे तेलकट बोट राहिलं असेल तर तिथे तो पडदा फाटतो आणि एक थेंब अडकून बसतो. तसा थेंब दिसला की बाई काही बोलत नसत. दोन बोटं सैल करत. नळी फरशीवर पडून फुटे. मग "उचल," म्हणत आणि पुढची नळी घेत.

माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी अशा अकरा नळ्या सोडल्या. बाराव्या नळीत थेंब अडकला नाही. ती त्यांनी लाकडी स्टँडमध्ये ठेवली आणि मग मला नाव विचारलं.

नागपूरच्या एका सायन्स कॉलेजात, मागच्या अंगाला, तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. माझा नवरा वारल्यावर मला तिथे काचा धुण्याचं काम लागलं. बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. अंगाने काटकुळ्या, सुती पातळावर पांढरा कोट, केसांची सुपारीएवढी गाठ. त्या एकट्याच राहत. कधी ओरडत नसत. रागावल्या की आवाज आणखी खाली जाई, आणि बोलणी खायला माणसाला आपण होऊन त्यांच्याजवळ जावं लागे. पोरं म्हणत, बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचं काम काय होतं ते त्यांनी मला सांगितलं होतं. सकाळी खाटकाकडून मी बर्फाच्या डब्यात करडांच्या गळ्याखालच्या पांढऱ्या गाठी आणत असे. त्यांची चरबी सोलताना आम्ही दोघीच असू, तेव्हा त्या बोलत. "तुला कळत नाही म्हणून तुला सांगते," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "कळणाऱ्यांना सांगितलं की ते उद्या स्वतःचं म्हणून छापतात."

त्यांनी सांगितलं ते असं. पेशीच्या आत केंद्रक असतं. त्यात धागा असतो, उलगडला तर माणसाहून लांब भरेल असा. तो बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाताना धाग्याचा जो मोकळा तुकडा राहतो, तिथे एक प्रथिन चिमट्यासारखं बसतं. त्याचं नाव एच-वन. बाईंचं सगळं आयुष्य एका प्रश्नात गेलं होतं. हा चिमटा एकटाच बसतो, की केंद्रकातलं दुसरं कोणी येऊन त्याचा हात धरतं?

अडचण एच-वनच्या स्वभावाची होती. ते कशालाही चिकटतं. काचेला, कागदाला, धुळीलासुद्धा. म्हणून ज्याला वाटे आपल्याला एच-वनचा जोडीदार सापडला, त्याला खरं तर चिकटलेली घाणच सापडलेली असे. ती ओळखायला मिठाचं पाणी लागे. मिठाच्या पाण्याने धुतलं की वरवर चिकटलेलं सुटून जातं, घट्ट धरलेलं राहतं. तरुणपणी बाईंनी परदेशातल्या एका सभेत असा जोडीदार सापडल्याचं सांगितलं होतं. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही धुतलं होतं का?" सभा हसली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चरबी सोलता सोलता, मान वर न करता.

तेव्हापासून त्यांचं एकच बोलणं झालं होतं. "मीठ वाढव." विद्यार्थ्याने काहीही आणून दाखवलं की आधी विचारत, "पकडलंय की चिकटलंय?" आणि उत्तर यायच्या आत, "मीठ वाढव." माणसांनाही त्या तसंच धूत. एका मुलीचं लग्न ठरलं, ती पेढे घेऊन आली. बाईंनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाल्या, "बरं झालं. तुझं इथे काही अडत नव्हतंच." ती मुलगी पुन्हा आली नाही. "सुटली," बाई म्हणाल्या, आणि तिच्या टेबलावर काचा ठेवायला लागल्या.

वामन आला तो आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी. उमरेडचा, घरी हातमाग. इतका सडपातळ की कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसे. बोलणं सगळं घरचं. "मावशी, रीळ म्हणजे आमची कांडीच नं? आमच्या घरी तर लहानपणापासून हेच करून राहिलो," म्हणून हसे. त्याचे हात मात्र पाहण्यासारखे होते. पांढऱ्या बारीक मण्यांना एच-वन बांधून ते मणी काचेच्या उभ्या नळीत भरावे लागत. इतरांच्या नळीत हवेचे बुडबुडे राहत. वामनच्या कधी राहिले नाहीत. मग वरून केंद्रकातला रस सोडायचा, एच-वनला जे धरेल ते मण्यांवर अडकायचं, मिठाच्या पाण्याने धुवायचं, आणि शेवटी जे उरेल ते काढून जेलीच्या पातळ तुकड्यावर त्याची निळी पट्टी उमटते का ते पाहायचं.

मिठाच्या बाटल्या भरायचं काम माझ्याकडे होतं. तराजू बाईंच्या खोलीत कुलपात असे. त्या मीठ तोलून पुड्या देत, मी पाण्यात विरघळवून बाटल्या भरी. मला इंग्रजी अक्षर लागत नाही, आणि चिठ्ठ्या ओल्या होऊन पुसूनही जात. वामनने तोड काढली. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला सुती दोरा बांधला आणि मिठाच्या मानाने दोऱ्याला गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे शरीरात असतं तेवढं मीठ, दोन म्हणजे दुप्पट, अशा चारपर्यंत. मग सगळेच गाठी पाहून बाटली उचलायला लागले. बाईसुद्धा. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. त्या खोलीत माझ्यासाठी कोणी काही केलेलं ते एवढंच.

दुसऱ्या वर्षी त्याचे वडील बाईंना भेटायला आले. धोतर, टोपी, काखेत कागदात गुंडाळलेलं उपरणं. त्यांनी स्वतः विणलेलं, पांढरं, बोटभर लाल काठाचं.

"पोरगा तुमच्या हाताखाली हाय बाईसाहेब, आमाले लय झालं," ते म्हणाले. "हातचं हाय. नाही म्हनू नका."

बाईंनी उपरणं उलगडून उजेडात धरलं. "सुरेख आहे. सूत कितीचं? इंचात किती धागे बसतात?"

म्हातारा खुलला. दहा मिनिटं उभ्याउभ्या ताणा आणि बाणा समजावत होता. एवढ्या आस्थेने बाईंना कोणाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं. तो गेला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडांच्या गाठी वाटून त्यांचा लगदा तयार होता, तो गाळायचा होता. बाईंनी ते उपरणं काढलं, कात्रीने दोन्ही काठ कापून टोपलीत टाकले. "रंग जाईल याचा," म्हणाल्या. मग कापड वामनपुढे धरलं. "दोन टोकं धर."

"बाई, मी दुसरं फडकं आणतो."

"आपल्या मलमलीपेक्षा याची वीण बारीक आहे. तुझ्या वडिलांनीच समजावलं ना काल? धर."

त्याने धरलं. बाईंनी लगदा ओतला. लाल पाणी गळत होतं आणि तो कापडाकडे न पाहता भिंतीकडे पाहत होता. केर काढताना मी टोपलीतला एक काठ उचलून ओच्यात खोचला.

त्याच वर्षी वामनला पट्टी सापडली. एक लहानसं प्रथिन, कुणाच्या हिशेबात नसलेलं. एका गाठीच्या पाण्याने धुतलं तरी मण्यांवर राही, दोन गाठींच्या पाण्यानेही राही, तिसऱ्याला सुटे. त्याने सात वेळा करून पाहिलं. सातही वेळा तसंच. त्याची शिष्यवृत्ती जूनपर्यंत होती. प्रबंध या पट्टीवर उभा राहणार होता, आणि प्रबंध झाला तर घरात मागावर न बसलेला तो पहिला असणार होता. हे सगळं त्याने मला नळावर हात धुताना सांगितलं.

दर शनिवारी सगळ्यांना आपलं काम बाईंपुढे मांडावं लागे. वामनने पट्ट्या उजेडाच्या पेटीवर ठेवल्या.

"तीन गाठींवर?" बाईंनी विचारलं.

"सुटते, बाई."

"मग चिकटलेलं आहे. चार गाठींवर राहील तेव्हा माझ्याकडे आण."

आजवर कोणी उलट विचारलं नव्हतं, पण वामन बोलला. "बाई, शरीरात तर एकाच गाठीचं मीठ असते नं? दुप्पट मिठात टिकून राहिलं, तर ते खरं काहून नाही?"

बाईंचा आवाज खाली गेला. "जवळ ये. तुझं ऐकू येत नाही." तो गेला. "तुझ्या घरी माग आहे. बसायची सोय आहे. इथे उभं राहायचं असेल तर चार गाठींवर उभं राहा."

एक जण हसला. वामनने पट्ट्या गोळा केल्या. त्या ओल्या आणि लिबलिबीत असतात, घाईत एक फाटली.

सोमवारी बाईंनी मला खोलीत बोलावलं. मिठाची पुडी पुढे केली. "दोन गाठींची बाटली रिकामी कर. तिच्यात चार गाठींचं पाणी भर. दोरा तसाच ठेव."

"काहून बाई?"

"दोन गाठींवर पट्टी दिसणार हे त्याला पाठ झालंय. न दिसली तर काय करतो ते पाहायचंय. खोटी पट्टी दाखवेल, की पळेल, की शोधेल. खोटं करणारे मी पुष्कळ पाहिले. पळणारेही. शोधणारा अजून एकही मिळाला नाही."

"मंग त्याले सांगाल नं?"

"शनिवारी. शोधलं तर त्याचा प्रबंध मी स्वतः लिहून घेईन. तोवर तू तोंड उघडलंस, तर आलीस ते दार उघडंच आहे."

मी बाटली भरली. दोऱ्याला हात लावला नाही.

मंगळवारी वामनची पट्टी आली नाही. बुधवारी त्याने नवे मणी भरले, तरी नाही. गुरुवारी नवा रस काढला, तरी नाही. मीठ मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. बोटाला लावून चाटलं असतं तरी कळलं असतं, पण त्या खोलीत कुठलीही वस्तू तोंडाला लावायची नाही हा बाईंचा नियम होता आणि वामन नियम मोडणारा नव्हता. गुरुवारी दुपारी मी नळावर होते. तो ती बाटली घेऊन आला. डोळे खोल गेलेले.

"मावशी, बाटली तुमीच भरली होती नं?"

"हो."

"पाहा बरं नीट. दोनच गाठींची हाय नं हे?"

मी दोऱ्याकडे पाहिलं. "दोनच हायत नं बाबू. तूच तर मारल्या."

"गाठीचं नाही विचारून राहिलो मावशी. पाण्याचं विचारून राहिलो."

बाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. माझ्या घरात दोन मुली होत्या. हे मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. पण दार उघडं होतं म्हणून मी बोलले नाही हे पूर्ण खरं नाही. मला त्या वेळी बाईंचं गुपित माझ्याकडे आहे याचं बरं वाटत होतं. इतक्या शिकलेल्या मुलाला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

"पाणीबी दोनचंच हाय," मी म्हटलं.

तो बाटली जागेवर ठेवून आला. "मंग माझंच चुकलं असन," म्हणाला. "सातही वेळा."

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी सकाळी त्याच्या टेबलावर कपाटाची किल्ली होती आणि खाली चिठ्ठी. आपल्या आधीच्या सातही पट्ट्या बहुतेक घाणीच्या होत्या, आपण बाईंचा वेळ घालवला, क्षमा असावी. बाईंनी ती उभ्याने वाचली.

"तुला काही विचारलं का त्याने?" त्या म्हणाल्या. "बाटलीबद्दल?"

मला तेव्हाच बाईंना खरं सांगता आलं असतं. उमरेड काही लांब नाही, एसटीने दीड तास. पण खरं सांगायचं तर गुरुवारी मी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं.

"नाही बाई," मी म्हटलं.

"सुटला," बाई म्हणाल्या. चिठ्ठीची घडी घातली. "मला वाटलं होतं हा शोधेल." पुढे कुठल्याच विद्यार्थ्याबद्दल त्यांना तसं वाटल्याचं मी ऐकलं नाही.

तीन वर्षांनी परदेशातून बोटीने येणाऱ्या मासिकांच्या गठ्ठ्यात एक अंक आला. बाई वाचत होत्या, मी टेबल पुसत होते. त्यांनी तो अंक दोनदा वाचला. मग खणातून वामनच्या पट्टीचा जुना फोटो काढून पानाशेजारी ठेवला. मलाही दिसत होतं. तीच पट्टी, त्याच उंचीवर.

"दोन गाठींवर राहतं. तीनवर सुटतं," बाई म्हणाल्या. "असंच छापलंय त्यांनी. केंद्रकात सगळंच धरतं आणि सोडतं म्हणे. घट्ट धरून बसलं तर धागा उघडायचा कसा?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "शरीरात इतकं मीठ नसतंच, कौसल्ये. मी त्याला समुद्रात धुतलं."

"पत्र टाका नं बाई त्याले."

"काय लिहू? तू बरोबर होतास? मग तो येईल. रोज समोर बसेल. नको." आणि फोटो खणात ठेवत म्हणाल्या, "त्याने एकदा बाटलीवर शंका घेतली असती तर मी त्याच्या पाया पडले असते."

मी टेबल पुसत राहिले. त्या दिवशी मी धुतलेल्या नळ्यांत थेंब अडकत होते. बाईंनी एकही फोडली नाही. तशाच स्टँडमध्ये ठेवल्या.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. दवाखान्यात त्यांना भेटायला विद्यार्थी कोणी आले नाहीत. मी रोज अळणी भाताची पेज नेत असे. पेज पुढे केली की त्या भिंतीकडे तोंड करत, मग आपण होऊनच वळत. एका दुपारी मी त्यांच्या हातात पाण्याचा काचेचा पेला दिला आणि बोलून टाकलं.

"बाई, वामननं विचारलं होतं. गुरुवारी. पाणी कितीचं हाय म्हणून विचारलं. मीच खोटं बोलली."

खिडकीकडून येणाऱ्या उजेडात त्यांनी पेला उचलून धरला, दोन बोटं सैल केली आणि तो फरशीवर सोडला.

"उचल," म्हणाल्या.

मी पदराने काचा गोळा केल्या. त्यानंतर आठ दिवस त्या होत्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. पेज मात्र माझ्याच हातची घेत होत्या.

वामन कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या अडत्याकडे लिहिण्याच्या कामाला असल्याचं मला कळलं होतं. बाई गेल्यानंतर महिनाभराने मी तिथे गेले. मृग बहाराची संत्री उतरत होती, सगळीकडे ढीग. कानावर पेन्सिल खोचलेला, केस पिकू लागलेला माणूस मला ओळखून पुढे आला.

"काय वं मावशी, इकडं कशा?"

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पुडी, बाटली, दोरा. बाईंनी शनिवारी काय करायचं ठरवलं होतं ते. परदेशातून आलेला अंक. तो ऐकत होता. मागे लिलाव चालू होता.

"म्हणजे पट्टी खरी होती?"

"खरी होती."

"अन् मी विचारलं, ते बाईले माहीत नव्हतं?"

"नव्हतं. मी सांगितलं नाही."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. "माझा बाप मरस्तोवर विचारत होता, पोरा, कायचं चुकलं तुझं. मी म्हणायचो, माझंच काम कच्चं होतं. ते एकदा मनाशी ठरवलं अन् मंग झोप लागाले लागली मले. दोन लेकरं हायत. बरं चालू होतं." तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "आता काहून सांगितलं मावशी? कोणासाठी?"

मी पिशवीतून त्याच्या वडिलांच्या उपरण्याचा काठ काढला. लाल रंग अजून तसाच होता. "हा मी ठेवला होता," म्हटलं.

त्याने तो ओळखला. अंगठ्याने एकदा वीण चाचपली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, ढिगातून निवडून चांगली संत्री तिच्यात भरली, आणि तिचं तोंड त्या काठानेच आवळून बांधलं. गाठी मारताना त्याचे हात पूर्वीसारखेच चालत होते.

"दोनच हायत," पिशवी माझ्या हातात देत तो म्हणाला. "पाहून घ्या." आणि लिलावाकडे वळला.

पिशवी घरी आणून मी खुंटीला लावली. मुलींनी सोडू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. संत्री आतल्या आत सुकून खडखडायला लागली. गाठी अजून तशाच आहेत.